बारा मार्चची नोंद

ज्या जोडप्यानं घटस्फोटात घराचा जिना वाटून घेतला, विषम पायऱ्या नवऱ्याच्या आणि सम पायऱ्या बायकोच्या, त्यांचं प्रकरण आमच्याच कचेरीत आलेलं. घर विकलं जाईपर्यंत दोन वर्षं दोघंही टणाटण उड्या मारत वरच्या मजल्यावर जात होती. नवऱ्याचा गुडघा गेला. बाईंना मात्र त्या व्यायामानं असा काही बांधा आला, की घर विकायला आलेल्या दलालानं घर सोडून त्यांनाच मागणी घातली. लोक म्हणतात, पार्जिटर, तू थापा मारतोस. मारतो. पण जिना खरा आहे. उड्यांची उंची फार तर मी थोडी वाढवली असेन.

होबर्नला ब्रॅडवेल आणि कंपनीत मी बेचाळीस वर्षं मुख्य कारकून होतो. मालकीणबाई हेस्टर ब्रॅडवेल. घटस्फोटाच्या वकिलीत त्यांच्याइतकं तिखट लंडनमध्ये दुसरं कुणी नव्हतं. त्या समोर येऊन बसल्या, की विरुद्ध बाजूच्या नवऱ्याच्या बोटातली अंगठी घामानं आपोआप सैल व्हायची.

आमच्या धंद्यात एक नियम आहे. एखादा माणूस अर्धा तास जरी आमच्यासमोर बसून आपलं दुखणं सांगून गेला, तरी पुढे त्याच्या बायकोची बाजू आम्हाला घेता येत नाही. त्याचं गुपित आमच्या पोटात असतं ना! म्हणून दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव नोंदवहीत चढतं. बाकीच्या कचेऱ्यांत हे काम संगणकावर गेलं, आमच्याकडे मात्र चामडी पुठ्ठ्याची जाड वही आणि काळी शाई. बाई म्हणायच्या, "संगणकावरचं नाव कुणीही पुसेल. शाईला पुसायचं तर कागद फाडावा लागतो." तारीख, नाव, जोडीदाराचं नाव, कुणाला भेटले, काय प्यायले, रडले की नाही, असे सहा रकाने. पाचवा नि सहावा रकाना बाईंनी स्वतः घातलेला. दुसऱ्या खेपेला अशिलाला न विचारता त्याच्या आवडीचा चहा पुढ्यात आला, की तो निम्मी लाज दारातच सोडतो. ती वही माझ्या ताब्यात असायची.

याच नियमाचं बाईंनी हत्यार केलं होतं. श्रीमंत बायकांना त्या सांगायच्या, "नवऱ्याला सुगावा लागायच्या आत शहरातल्या सात चांगल्या वकिलांकडे जा. प्रत्येकाकडे चहा घे. प्रत्येकाकडे थोडं रड. झालं! उद्या नवरा वकील शोधायला निघेल, तेव्हा सातही दारं बंद. आठवा कोण मिळेल तो मिळो." याला आमच्यात 'सात चहा' म्हणायचे. एका उमरावाच्या बायकोनं उत्साहाच्या भरात सत्तावीस चहा घेतले, आणि तिचा नवरा शेवटी गुरांच्या डॉक्टरला घेऊन कोर्टात आला. असो.

हे सगळं बाई रात्री जेवताना घरी रंगवून सांगायच्या. मी कितीतरी वेळा त्या टेबलाशी होतो. एका टोकाला बाई, मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी टॅबिथा, आणि दुसऱ्या टोकाला त्यांचे यजमान लायनेल, कोकराची तंगडी कापत. लायनेल एका शाळेत मुलांना चेलो शिकवायचे. इतका गरीब माणूस की फुटपाथवर दुसऱ्यानं त्याच्या बुटावर पाय दिला तरी माफी हाच मागायचा. एकतीस वर्षं तो ते किस्से ऐकत मांस कापत राहिला. लग्नं कशी मोडतात हे त्या घरात रोज सांगितलं जायचं. टिकतात कशी, हा विषय एकदाही निघाला नाही.

टॅबिथाचा मात्र जीव होता त्या किश्शांवर. सहा वर्षांची असताना ती माझ्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची आणि मला 'पार्ज' म्हणायची. एकतिसाव्या वर्षीही पार्जच म्हणायची. एव्हाना ती आमच्याच कचेरीत वकील झाली होती, आईच्या शेजारच्या खोलीत.

एप्रिलमधल्या एका शुक्रवारी लायनेल स्वयंपाकघरात एक चिठ्ठी ठेवून चेलोसकट समुद्रकाठी व्हिट्स्टेबलला निघून गेले. चिठ्ठीत दुसरी बाई नव्हती, शिवी नव्हती. 'मला शांत राहायचं आहे' एवढंच, आणि खाली मांजराला औषध कधी द्यायचं ते.

सोमवारी बाई कचेरीत आल्या त्या ओठांना लाल रंग लावूनच. फोन उचलला. स्वतःची केस स्वतः लढणारा वकील मूर्ख अशील पाळतो, हे त्या सगळ्यांना सांगायच्या, तेव्हा त्यांनी शहरातल्या पहिल्या वकिलाला फोन केला. तो म्हणाला, "हेस्टर, फार वाईट वाटतं गं, पण लायनेल मागच्या महिन्यात माझ्याकडे येऊन गेला." दुसरीनंही तेच सांगितलं. तिसऱ्यानंही. चौथा मेला तर हसला. "समोर कप ठेवला होता, त्याला हातही लावला नाही. नुसता बसून राहिला बिचारा!" सातव्या फोननंतर बाईंनी रिसीव्हर अगदी हळू खाली ठेवला.

"पार्जिटर," त्या म्हणाल्या, "माझेच सात चहा त्यानं मला पाजले."

"मॅडम, आठवा कुणीतरी..."

"आठवा कशाला? माझ्या घरात वकील आहे. टॅबिथाला बोलवा. लेक आईसाठी लढेल, आणि अशी लढेल की त्या चेलोची एक तारसुद्धा त्याच्याकडे राहणार नाही."

मी शेजारच्या खोलीत गेलो. टॅबिथा खिडकीशी उभी होती, आणि भिंत पातळ असल्यामुळे तिनं सगळं ऐकलेलं दिसत होतं. तिनं दार लावलं.

"पार्ज, डॅडी मार्चमध्ये माझ्याकडे आले होते. घरी. रविवारी. ओट्याला टेकून लहान पोरासारखे रडले."

"मग?"

"मग मीच त्यांना सात नावं लिहून दिली."

"अगं, तू?"

"तू मम्मीला कोर्टात पाहिलंयस ना? डॅडींचा तिनं चुरा केला असता! मला वाटलं, दोघांनाही साधेसुधे वकील मिळतील, दोघंही थोडं थोडं हरतील आणि संपेल. मला तिच्याविरुद्ध जायचं नव्हतं, फक्त तिनं इतकं जिंकू नये असं वाटत होतं."

"मग आत जा आणि सांग तिला हेच."

"वेडा आहेस का? ती मला कधीही माफ करणार नाही." तिनं माझा हात धरला. "पार्ज, वहीत लिही. बारा मार्च, मंगळवार. लायनेल ब्रॅडवेल. भेटले टॅबिथा ब्रॅडवेलना. ते इथं अशील म्हणून आले होते, म्हणजे माझं तोंड नियमानं बांधलेलं होतं. एवढंच तिला वाटू दे. मुलगी म्हणून फसवलं असं नको वाटायला."

"वहीत नाही, टॅबी."

"आयुष्यभर थापा मारत आलास की!"

"तोंडानं. हातानं नाही."

त्यावर ती खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवर, माझ्या टेबलाखाली बसायची तशी, एकतीस वर्षांची बाई, पाचशे पौंडाच्या कोटासकट. मी म्हातारा माणूस. मला मूलबाळ नाही. बाहेर आलो, वही उघडली. बारा मार्चच्या पानावर खाली एक ओळ रिकामी होती. मी लिहिलं. पाचव्या रकान्यात हात क्षणभर अडला, मग सवयीनं पुढे गेला: चहा, दोन चमचे साखर. सहाव्यात: रडले. तेवढं एक खरं होतं.

आम्ही तिघं बाईंच्या खोलीत जमलो. टॅबिथानं पाठ केल्यासारखं सांगितलं, की डॅडी आधी इथंच आले होते, म्हणून तिला ही केस घेता येणार नाही आणि इतके दिवस बोलताही आलं नाही. बाईंनी माझ्याकडे हात पुढे केला. मी वही दिली. त्यांचं बोट ओळीवरून सरकत गेलं, पाचव्या रकान्याशी थांबलं. चांगलंच थांबलं. मला वाटलं, शाई ओली आहे की काय.

"बरं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी वही मिटली. "तुझं काही चुकलं नाही, टॅबिथा. अशील आला, तू तोंड शिवलंस. मीच शिकवलंय तुला."

टॅबिथानं श्वास सोडला. तो मला ऐकू आला.

"पण मग नियम तो नियम," बाई पुढे म्हणाल्या. "तू त्याच्या गुपितांची मालकीण. मी त्याची विरुद्ध बाजू. हे प्रकरण संपेपर्यंत आपण दोघींनी बोलायचं नाही."

"कामाबद्दल ना?"

"कशाहीबद्दल. एक अक्षर नाही. घरी यायचं नाही, फोन करायचा नाही."

"मम्मी, नियम इतका नाहीये!"

"माझा आहे," बाई म्हणाल्या, आणि समोरची फाइल वाचू लागल्या.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. आईला गमावायला नको म्हणून पोरीनं जी ओळ लिहून घेतली, तीच ओळ दोघींच्या मध्ये भिंत होऊन उभी राहिली. सहा महिने! खोल्यांना एकच भिंत, आणि निरोप माझ्यामार्फत. "पार्जिटर, मिस ब्रॅडवेलना सांगा, खिडकी लावा, वारा येतो." मी दोन पावलं जाऊन सांगायचो. "पार्ज, मिसेस ब्रॅडवेलना सांग, लावली." मी दोन पावलं परत. त्या सहा महिन्यांत मी दोन खोल्यांच्या मध्ये इतका चाललो, की सरळ चाललो असतो तर एडिनबरा गाठलं असतं. टॅबिथा वाळत चालली. कॉरिडॉरमध्ये आई दिसली की तोंड उघडायची, आणि बाई तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत निघून जायच्या.

बाईंना आठवा वकील मिळाला तो लंडनच्या पार कडेचा, क्रॉयडनचा. ग्विलिम प्रॉसर नावाचा वेल्सचा तरुण, धोबीघराच्या वर कचेरी, कपड्यांना कायम इस्त्रीच्या वाफेचा वास. हुशार नव्हता. पण सरळ असा, की विरुद्ध बाजूचं पत्र चुकून त्याच्या पाकिटात आलं तर न वाचता स्वतः नेऊन द्यायचा. बाई म्हणायच्या, "या पोराला खोटं बोलायला शिकवायचं तर आधी त्याला नवीन हाडं घालावी लागतील."

ऑक्टोबरात एका शनिवारी बाईंचा पासष्टावा वाढदिवस आला. दुपारी टॅबिथा माझ्या दारात हजर. हातात लिंबाचा केक.

"चल हायगेटला, मम्मीकडे."

"तुला मनाई आहे."

"म्हणून तर तू चल. आज मी तिला सगळं सांगणार आहे. नोंद खोटी होती हे कळलं, की नियमच लागू होत नाही. मग तिला मला शिव्या द्याव्या लागतील. देऊ दे. शिव्या तरी देईल!"

मला तो हिशेब बरोबरच वाटला. बेचाळीस वर्षं धंद्यात काढून मला तो बरोबर वाटला, याचं आज नवल वाटतं.

हायगेटच्या चढावर ते घर. आतून भाजत्या कोकराचा वास येत होता. बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं. फटीत बाईंचा अर्धा चेहरा.

"टॅबी." सहा महिन्यांत पहिल्यांदा नाव घेतलं. आवाज अगदी खाली. "परत जा."

"मम्मी, हॅपी बर्थडे. मला एक सांगायचंय."

"मला ऐकायचं नाही."

"बारा मार्चला..."

"टॅबिथा! वकील आहेस ना तू? डोकं वापर. प्रॉसर केसचे कागद घेऊन आत बसलाय." आणि मग, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला शब्द: "प्लीज."

दार बंद झालं.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. नोंद खोटी आहे हे बाईंना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी पोरीची बाही पकडली.

"चल टॅबी. झाकली मूठ आहे. झाकलेलीच राहू दे. नाताळपर्यंत सगळं मिटेल, मग ती स्वतः..."

"सहा महिने, पार्ज!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आई माझ्याशी खिडकीबद्दलसुद्धा तुझ्या तोंडानं बोलते. मला नाही होत आता."

केक माझ्या हातात कोंबून ती पायरीवर गुडघे टेकून बसली, दारावरच्या टपालाच्या फटीची झडप उचलली आणि आत तोंड घालून ओरडली:

"मम्मी! डॅडी कचेरीत आलेच नव्हते! बारा मार्चची नोंद मी पार्जकडून एप्रिलमध्ये लिहून घेतली! सात नावंसुद्धा मीच दिली! मला माफ कर!"

समोरच्या घरातल्या पाद्रीबुवांनी गुलाबाच्या झाडाऐवजी स्वतःची बाही कापली. चढावरचे तीन कुत्रे एकदम बसले. माझ्या ऐकण्यात आहे, की खाली तलावात बारा महिने पोहणाऱ्या बायकांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं.

साखळी निघाली. दार सताड उघडलं. बाई उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, जेवणाच्या खोलीच्या दारात प्रॉसर. हातात पेन. चेहरा पांढराफटक.

"मिसेस ब्रॅडवेल," तो म्हणाला, "मी ऐकलं हो. मला ऐकलं नाही असं म्हणता आलं असतं तर..."

"म्हणू नकोस, ग्विलिम. तुझं सगळं आयुष्य पुढे पडलंय."

आमच्यात हे असं आहे: एका वकिलानं खोटी नोंद करवली हे दुसऱ्या वकिलाच्या कानावर आलं, तर त्यानं ते वकिलांच्या वरिष्ठ मंडळाला कळवायचंच. गप्प बसला, तर दोघांचीही सनद जाते. टॅबिथाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण दाराबाहेर ती वकील म्हणून आलीच नव्हती.

ती अजून गुडघ्यांवरच होती. "तुला माहीत होतं?"

"तुझे डॅडी चहा पीत नाहीत, टॅबी." बाई माझ्याकडे वळल्या. "एकतीस वर्षं मी त्या माणसाला रोज सकाळी गरम पाणी नि लिंबू देत आले, पार्जिटर. तुम्ही त्यात दोन चमचे साखर घातलीत."

मी केककडे बघत राहिलो.

"मग बोलली का नाहीस?" टॅबिथा म्हणाली. "मला वाटलं तुला राग आलाय!"

"आलाच होता. माझी तलवार काढून तू त्याच्या हातात दिलीस. पण तो राग माझा घरचा होता, मी गिळला असता. कुणी सांगितलं नाही तोवर मला काही माहीत नव्हतं. म्हणून तुला तोंड उघडू देत नव्हते. फोनवर नाही, घरी नाही, कचेरीत नाही. दिवाणखान्यात बसून तू कधीतरी रडून सांगशील, ही एकच भीती." त्यांनी खाली वाकून तिला दंडाला धरून उठवलं. "ऊठ. गुडघे गार होतील."

आम्ही आत गेलो. टेबलावर एका माणसाचं ताट, आणि तंगडी मात्र सहा माणसांची. सवयीनं आणलेली असणार. सुरी बाईंनी स्वतः घेतली. त्यांना मांस कापता येत नव्हतं. जाड, वेडेवाकडे तुकडे पडत होते. प्रॉसर निघतो म्हणाला, तर बाई म्हणाल्या, "बस. तू गेलास तर मला वाटेल तू लिहायला गेलास."

"तुम्ही म्हणाल तसं," तो पुटपुटला.

"मंडळाला मी लिहीन. सोमवारी. आधी मी लिहिलेलं बरं, माझे शब्द मऊ असतील." त्यांनी टॅबिथाच्या ताटात बटाटे वाढले, चार, पाच, सहा. "तू उद्याच्या उद्या बचावासाठी वकील गाठ. चान्सरी लेनची ती म्हातारी चांगली आहे. माझं पत्र पोचायच्या आत तुझा कबुलीजबाब जायला हवा, म्हणजे सनद कदाचित दोन वर्षांनी परत मिळेल. कदाचित. पार्जिटरांचं नाव मला गाळता येणार नाही."

"नका गाळू," मी म्हणालो.

"रडायचं असेल तर मंडळासमोर रडू नकोस, त्यांना आवडत नाही. करड्या रंगाचा पोशाख घाल. आणि सात नावांबद्दल विचारलं तर..."

"मम्मी."

"...तर वडिलांची कीव आली एवढंच सांग, माझ्याबद्दल काही नको, कारण ते उलट..."

"मम्मी, थांब ना! सहा महिन्यांनी बोलतेयस माझ्याशी. एकदा तरी वकील न होता बोल."

बाईंचा वाढायचा चमचा हवेत थांबला. त्यांनी टॅबिथाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग त्या बिचाऱ्या प्रॉसरकडेसुद्धा, जणू आमच्यापैकी कुणीतरी सांगेल.

"मग काय बोलू?" त्या म्हणाल्या.

त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. टॅबिथानं उत्तरासाठी तोंड उघडलं, आणि तिलाही काही सुचलं नाही. शेवटी बाईंनीच पुदिन्याच्या चटणीचं भांडं तिच्याकडे सरकवलं, आणि ती जेवू लागली.